उजवीकडून नववी पट्टी

काकाची बायको ती काकू, हा साधा सरळ हिशेब. पण या घरात तो कधी जमला नाही. पियानो सुरात लावून देणारा नवरा साऱ्या गल्लीचा काका होता, आणि कपडे शिवणारी त्याची बायको साऱ्या गल्लीची मावशी. तिला हे नातं नवऱ्याच्या मागून आलेलं नव्हतं, विजारींच्या दुमडी आणि पडद्यांच्या चुण्या घालून तिने ते स्वतः मिळवलेलं होतं. कोणी चुकून "काकू" म्हणून हाक मारलीच, तर ती मशीनवरून मान वर करायची नाही. गिऱ्हाईक ओशाळायचं, "मावशी" म्हणायचं, आणि मग मापं घेणं सुरू व्हायचं.

तर अशा या मावशीच्या घरात, लग्नाच्या छत्तिसाव्या वर्षी, सवत आली.

घाबरायचं कारण नाही, सवत कागदाची होती. एका गुरुवारी दुपारी काका कामावरून आला तो काखेत एक जाडजूड वही घेऊन. ती त्याने कापायच्या टेबलावर उघडली, तीही नेमकी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या पाठीवर. बावीस पानं, आणि पानापानावर मोहरीची बरणी उपडी झाल्यासारखी काळी टिंबं.

"हे काय?" मावशीने टाचण्या धरलेल्या ओठांच्या फटीतून विचारलं.

"वाजवणार आहे."

"कोण?"

"मी."

मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. टाचण्या तोंडात असताना हसू नये, हे शिवणकामातलं पहिलं शहाणपण. तिने डबीचं झाकण लावलं आणि मग ती पोटभर हसली.

हसण्यासारखंच होतं म्हणा. काका एकतीस वर्षं संगीतशाळेत पियानो लावत होता. वर्गावर्गांतले चौदा लहान आणि सभागृहातला एक मोठा, काळा, चकचकीत. पण पियानो लावणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. ताट मांडणारा हा, जेवणारे दुसरे. नोटेशन त्याला वाचता यायचं, चार-दोन सोप्या चाली यायच्या, बस्स. आणि ही रचना कसली, तर लिहिणारा गृहस्थ दीडशे वर्षांपूर्वी वारला आणि जाता जाता वाजवणाऱ्यांवर सूड उगवून गेला, असं संगीतशाळेतली मुलं म्हणायची. डावा हात एकीकडे पळतो, उजवा दुसरीकडे, आणि मध्येच दोघं एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारतात. पदवीच्या वर्गातल्या मुलांनाही तिच्यामागे दोन वर्षं घासावी लागत.

झालं होतं असं. पुढच्या वर्षी काका निवृत्त व्हायचा होता. संगीतशाळेच्या प्राचार्य बाईंनी त्याला बोलावून विचारलं होतं, की निरोपाच्या कार्यक्रमात तुम्हाला भेट काय द्यायची, भिंतीवरचं घड्याळ की आरामखुर्ची? काका म्हणाला, दोन्ही नको. मला मोठ्या पियानोवर वीस मिनिटं द्या. आणि त्याने वही मागून घेतली.

"घड्याळ घ्यायचं होतंत," मावशी म्हणाली. "निदान वेळेवर वाजलं असतं."

काका कधी चिडायचा नाही, आताही चिडला नाही. चहाचा कप समोर ओढून तो सावकाश म्हणाला, "एकतीस वर्षं त्या स्टुलावर बसतोय गं. पियानो लावून होतो, कसा लागलाय ते बघायला मी काहीतरी सुरू करतो, आणि दारात कोणीतरी येऊन उभं राहतं. 'झालं का काका?' की उठलो मी. त्या पियानोवर सुरू केलेलं काही आजवर पुरं केलेलं नाही. एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवायचंय. आणि कोणी आलं म्हणून नाही, माझ्या मनाने उठायचंय."

मावशीचं हसू तिथेच थांबलं. तरी तिने विचारलंच, "मग एवढी अवघड कशाला? एखादं छोटंसं वाजवा आणि उठा की मनाने."

"छोटं वाजवलं की लोक टाळ्या वाजवतात ना, त्या लहान मुलाला वाजवतात तशा असतात."

संगीतशाळेतली माणसं तिला माहीत होती. पहिल्या तीन रांगांत बसणारी, चूक झाली की शेजारच्याकडे बघून भुवई उडवणारी. नवऱ्याला हसायचा मक्ता तिचा होता. छत्तीस वर्षं तिने तो एकटीने चालवला होता आणि आता त्यात तिला भागीदार नको होते.

काकाचा कान कसा होता तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्याच्या कानाला केसभर बेसूर खपत नसे. चहाच्या किटलीची शिट्टी सुरात नाही म्हणून त्याने तीन किटल्या दुकानात परत केल्या होत्या; चौथी ठेवली ती दुकानदार हात जोडून पुढे आला म्हणून. कोणाच्याही घरी जेवायला गेला की पहिला घास घ्यायच्या आधी सांगणार, तुमच्या दारावरची घंटा जरा खाली लागतेय. लेक चार वर्षांची असताना तिच्या गाणाऱ्या बाहुलीला त्याने नापास केलं होतं. आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी, नवी नवरी मशीनवर बसून आपल्याच नादात काहीतरी गुणगुणत होती, तेव्हा शेजारच्या खोलीतून हा म्हणाला होता, "जरा खाली लागतेस."

झालं. मावशी गप्प झाली ती झालीच. भांडली नाही, रुसली नाही, पण त्या दिवसापासून तिच्या तोंडून या घरात एक सूर निघाला नाही. लेकीलासुद्धा तिने थोपटून झोपवलं, गाऊन नाही. कधी विषय निघाला तर ती लेकीला म्हणायची, "तुझ्या बाबांनी किटल्या परत केल्या, मला ठेवून घेतलं, हेच नशीब समज."

आता इतका तिखट कान असलेल्या माणसाच्या घरचा पियानो कसा असायला हवा? पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरचा पियानो एका बंद पडलेल्या शाळेतून लेकीसाठी आणलेला होता. तिने तो तीन वर्षं बडवला आणि सोडून दिला. सूर सगळे ठीक होते, पण उजवीकडून नववी पट्टी मुकी होती. आत तारेवर आपटणारी जी हातोडी असते तिची दांडी मोडली होती. पट्टी दाबली की सूर नाही, नुसतं लाकडाचं ठक्. साऱ्या गावाचे पियानो दुरुस्त करणाऱ्या माणसाने ही एक दांडी बावीस वर्षं तशीच ठेवली होती. मावशीने विचारलं की म्हणायचा, "रविवारी करतो." मावशी विचारायची, "कोणत्या सालच्या?"

सवतीचा संसार सुरू झाला. रोज संध्याकाळी पाच ते सात. पियानो पुढच्या खोलीत, भिंतीला लावलेला. त्याच खोलीत, काकाच्या उजव्या खांद्यामागे, खिडकीपाशी मावशीचं मशीन. पहिला महिनाभर एकटा डावा हात, दुसरा महिना एकटा उजवा. तिसऱ्या महिन्यात दोघांची गाठ घालून दिली, तर ते अनोळखी माणसांसारखे वागायला लागले. काका पहिल्या ओळीपासून सुरू करायचा, तिसऱ्या पानावर अडखळायचा, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर. पुन्हा तिसरं पान, पुन्हा पहिली ओळ. आठवडाभर असं चालल्यावर मावशीने मशीन थांबवलं.

"अहो, बाही चुकली म्हणून मी अख्खा कोट उसवते का? जिथं चुकलंय तिथलेच चार टाके उसवा आणि घाला."

काकाने मान हलवली. मग त्याने एकेक ओळ चार-चार टाक्यांनी घातली आणि पाचव्या पानापर्यंत पोचला. श्रेय मात्र वहीतल्या खुणांना दिलं. नवऱ्यांची जात.

मशीनचा त्याला आणखीही उपयोग झाला, आणि उपद्रवही. गती धरायला म्हणून तो नकळत मशीनच्या आवाजाबरोबर वाजवायला लागला. पडदे शिवायला असले की लांब सरळ शिलाई, मशीन भरधाव, मग काकाचीही धांदल उडायची. काजं करायची असली की सवत एकदम सुस्तावायची. "आज काय आहे शिवायला?" तो बसण्याआधी विचारून घ्यायचा. मावशी मुद्दाम म्हणायची, "पडदे. संगीतशाळेएवढे."

लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती फिजिओथेरपिस्ट होती, लोकांचे दुखरे खांदे-गुडघे चालते करणारी. पाचव्या महिन्यात वडिलांचं मनगट सुजलं तेव्हा तिने पट्टी बांधली आणि दम दिला. "बाबा, आठ दिवस हात लावायचा नाही." बाबा आठ दिवस टेबलाच्या कडेवर वाजवत बसले. ताटाच्या कडेवर, मांडीवर, एकदा तर बसमध्ये शेजारच्या प्रवाशाच्या गुडघ्यावर. त्या माणसाने काही म्हटलं नाही, पुढच्या थांब्यावर उतरून गेला एवढंच.

आणि मग सहाव्या महिन्यात काका पंधराव्या पानाशी पोचला.

पंधराव्या पानाच्या तळाशी वादळ एकदम थांबतं. दोन्ही हात एक मोठा, भरलेला स्वरमेळ धरून ठेवतात. मग त्या शांततेत वरचा एकच सूर, लहानसा, एकटा. तो वाजला की पान उलटायचं आणि शेवटची सात पानं, जीव खाऊन. सगळ्या रचनेचा प्राण त्या एका सुरात, असं प्राचार्य बाई वर्गात सांगायच्या. आणि तो सूर होता उजवीकडून नववी पट्टी.

काकाने स्वरमेळ धरला, बोट वर नेलं, दाबलं. ठक्.

पुन्हा वाजवलं. ठक्. तीन दिवस रोज दहा-दहा वेळा ठक्. चौथ्या दिवशी मावशी एका विजारीची दुमड घालत होती, तोंडात टाचण्या होत्या आणि डोक्यात तिडीक गेली होती. काकाचं बोट वर जाताना दिसलं तशी तिने टाचण्या काढल्या आणि चिडवायला म्हणून मोठ्याने म्हणाली, "टिंग."

काका हसला नाही. त्याने एकदा मान हलवली, पान उलटलं, आणि पुढे वाजवायला लागला. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी तो थांबला. मावशी धागा ओवत होती, तिचं लक्ष नव्हतं. काका थांबलेलाच. उजवा कान किंचित मागे वळवलेला, हात पट्ट्यांवर तसेच. शेवटी मावशीच्या ध्यानात आलं. "टिंग," ती म्हणाली. गाडी पुढे निघाली.

मग ते तिच्या गळ्यातच पडलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बाजारात जायचं बंद, कारण सहाच्या सुमाराला पंधरावं पान यायचं. गिऱ्हाईक माप द्यायला उभं असलं तरी मध्येच त्याच्या खांद्यावर टेप धरून मावशी "टिंग" म्हणायची. गिऱ्हाइकं दचकायची. एकदा सर्दीने आवाज बसला तेव्हा तिने कात्रीने पेल्यावर वाजवून पाहिलं, पण काका पुढे जाईना. घोगरा टिंग चालला, पेला चालला नाही.

"ती दांडी बसवून टाका एकदाची," ती म्हणायची. "मी काय जन्मभर टिंग करत बसू?"

"रविवारी करतो."

"कोणत्या सालच्या?"

एका रविवारी त्याने खरोखरच हत्यारांची पेटी काढली, पियानोचं झाकण उघडलं, आत डोकं घातलं. मावशी बघत होती. मग त्याने झाकण लावलं, पेटी बंद केली, आणि "चिकटवायचा सरस वाळलाय" असं काहीतरी पुटपुटला. मावशीने कपाळाला हात लावला. आळस तो आळस.

आता एक बारीक गोष्ट, जी तेव्हा दोघांच्याही लक्षात आली नाही. पट्टी मुकी, सूर मावशीकडे. मग तिच्यावर बोट तरी कशाला न्यायचं? त्या क्षणी उजवा हात मोकळा मिळत होता, आणि पान नेमकं तिथेच उलटायचं होतं. हळूहळू काकाचं बोट नवव्या पट्टीकडे जाईनासं झालं. स्वरमेळ, मग मावशीचा टिंग, आणि टिंग होता होता उजव्या हाताने पान. पाच महिने रोज. हातांना तेवढंच ठाऊक झालं.

संगीतशाळेत तालीम केली असती तर हे तिथेच उघडं पडलं असतं. प्राचार्य बाईंनी दोनदा बोलावलंही. पण काका हट्टाला पेटला होता. "त्या पियानोवर आता एकदाच वाजवीन. आधी बसलो तर कोणीतरी दारात येईल आणि मला उठावं लागेल." प्राचार्य बाईंनी नाद सोडला. बाई कडक होत्या, पण एकतीस वर्षं ज्याच्यामुळे आपला प्रत्येक पियानो सुरात होता त्याच्याशी वाद घालायला त्यांनाही जड गेलं.

कार्यक्रम शनिवारी दुपारी चारला होता. सकाळी काका सभागृहात जाऊन मोठा पियानो स्वतः लावून आला. शेवटचा म्हणून जरा जास्तच निगुतीने. एकेक तार, एकेक पट्टी. उजवीकडून नववीसुद्धा. ती त्याने तीनदा तपासली, कारण तिच्यावर सगळी रचना उभी होती. सूर स्वच्छ होता.

मावशीने त्याचा जुना काळा कोट उसवून नव्याने शिवला होता. काखेत दोन बोटं सैल, हातांच्या उड्यांच्या पानांसाठी. ती आणि लेक चौथ्या रांगेत बसल्या. पुढच्या तीन रांगांत ती भुवया उडवणारी माणसं होती. मावशीने हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. लेक म्हणाली, "आई, तो रुमाल आहे, पडदा नाही." पण मावशीचं लक्ष नव्हतं. नवरा स्टुलावर बसला होता, डोक्यामागचे विरळ केस दिसत होते, आणि तिला एकच वाटत होतं, की याला कोणी हसू नये.

काकाने सुरुवात केली.

चांगलं चाललं होतं. मावशीला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण या बावीस पानांतला प्रत्येक टाका तिच्या कानाखालून गेलेला होता. तिसरं पान गेलं. पाचवं. मनगट धरलं नाही. उडीच्या पानावर डावा हात एकदा चुकीच्या जागी पडला, पुढच्या रांगेत एक भुवई वर गेली, मावशीने त्या भुवईच्या मालकाची मान डोळ्यांनी भाजून काढली. दहावं. बारावं. पुढची माणसं आता एकमेकांकडे बघत नव्हती, काकाकडे बघत होती. पंधरावं पान आलं. वादळ थांबलं. काकाने तो मोठा स्वरमेळ धरला, सभागृह भरून गेलं, आणि उजव्या हाताने पान उलटलं.

सूर आलाच नाही.

स्वरमेळ हळूहळू विरत गेला. काका बसून होता, हात पट्ट्यांवर, अगदी निश्चल. पुढच्या रांगांत कुजबुज झाली. लेकीने मावशीचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "विसरले बाबा."

पण मावशीने त्याचा उजवा कान बघितला होता. तो किंचित मागे वळला होता. विसरला नव्हता तो. तो वाट बघत होता, रोज बघायचा तशी, खिडकीपाशी बसलेल्या बाईची. आणि समोर ती पट्टी, सकाळी स्वतः तीनदा तपासलेली, धडधाकट, फक्त बोटाची वाट बघणारी. पण हातांना कुठं ठाऊक होतं ते?

पडद्याच्या कडेला प्राचार्य बाई उभ्या होत्या. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मदत करायच्याच हेतूने, यात शंका नाही. पण मावशीला पुढचं दिसलं. बाई पुढे आल्या की हा उठणार. एकतीस वर्षांची सवय. कोणी आलं की उठायचं.

तीनशे माणसं होती सभागृहात. चौतीस-पस्तीस वर्षं ज्या बाईने सूर म्हणून तोंडातून काढला नव्हता, ती बाई चौथ्या रांगेत ताठ बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टिंग."

पुढच्या तीन रांगा एकदम मागे वळल्या. कोणीतरी फिस्सकन हसलं. मग पाच-दहा जण हसले. मावशीचे कान लाल झाले, पण तिने मान खाली घातली नाही. तिचं लक्ष स्टुलाकडे होतं.

काकाने एकदा मान हलवली. आणि शेवटच्या सात पानांवर तुटून पडला.

ती सात पानं ज्यांनी ऐकली त्यांना त्यात किती चुका होत्या ते विचारा, ते सांगतील. प्राचार्य बाईंनी चार मोजल्या. पण हसणारी माणसं दुसऱ्याच पानाला गप्प झाली, आणि शेवटचा स्वरमेळ पडला तेव्हा टाळ्या आल्या. लहान मुलाला वाजवतात तशा त्या नव्हत्या.

काका उठला नाही. प्राचार्य बाई फुलं घेऊन मंचावर आल्या, त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, तरी तो बसलेलाच. त्याने पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला, वही मिटली, रुमालाने चष्मा पुसला. बाई फुलं धरून तिष्ठत राहिल्या. लेक रडत होती आणि हसत होती. मावशी मनात म्हणत होती, बसा, अजून बसा. बराच वेळ झाल्यावर, स्वतःच्या मनाने, तो उठला.

बाहेर ओसरीत सगळ्यांनी गराडा घातला. प्राचार्य बाई गर्दीतून वाट काढून मावशीकडे आल्या. "सगळ्या रचनेचा प्राण तुम्ही वाजवलात," त्या म्हणाल्या, आणि मग डोळे मिचकावून, "पण अर्ध्या स्वराने खाली होता हं."

लेक आपल्या घरी गेली. मावशी आणि काका चालत निघाले. ऊन अजून होतं, दुकानं उघडी होती. काकाच्या एका हातात फुलं, दुसऱ्यात वही, आणि कोटाची काख ठरल्याप्रमाणे दोन बोटं सैल. कोपऱ्यावर आल्यावर मावशीने विचारलं, "खरं सांगा, खाली लागत होते मी?"

"हो."

"किती?"

"रोज निराळं. पडदे असले की थोडं. विजारी असल्या की जास्त."

"आणि हे कधीपासून कळतंय तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

मावशी रस्त्यातच थांबली. हा माणूस. तीन किटल्या परत करणारा, लोकांच्या दारावरच्या घंटांना नावं ठेवणारा. "पाच महिने रोज बेसूर ऐकलंत? मग बोलला का नाहीत?"

काका समोर बघत होता. फुलं त्याने या हातातून त्या हातात घेतली.

"एकदा बोललो होतो," तो म्हणाला. "लग्नाच्या पहिल्या वर्षी. पुढे पस्तीस वर्षं ऐकायला मिळालं नाही."

मावशीला वाटत होतं, की ते फक्त तिलाच सलतं. इतकी वर्षं ती त्यावरून त्याला टोचत आली होती, आणि तो ऐकून हसत आला होता, म्हणून ती धरून चालली होती की त्याला कधी लागलंच नाही. आता तिला त्या रविवारची पेटी आठवली, उघडून पुन्हा लावलेलं झाकण आठवलं. सरस काही वाळलेला नव्हता.

ती पुन्हा चालायला लागली. गल्लीचं तोंड आलं. मग तिने नेहमीच्या आवाजात, निदान नेहमीचा वाटावा अशा आवाजात, विचारलं, "ती पट्टी कधी दुरुस्त करणार आहात?"

"रविवारी करतो."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिने साल विचारलं नाही.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली, आणि घराची किल्ली काढली.